शुक्रवार पेठेतला सेकंड मेट

आमच्या घरमालकांच्या मते सोलापूर नावाचं गाव नव्हतंच. म्हणजे गाव होतं, त्यात ते राहत होते, नळाला पाणी आलं नाही की त्याला शिव्याही देत होते. पण नकाशावर ते नव्हतं. मालकांचा नकाशा म्हणजे समुद्राचा चार्ट. त्या कागदावर किनाऱ्याची रेघ संपली की पुढची सगळी जमीन पिवळट आणि कोरी. जहाजावरून दिसेल असा एखादा डोंगर, एखादा मनोरा तेवढा दाखवतात. "बाकीचं जहाजाला काय करायचंय?" असं मालक विचारायचे. त्या बाकीच्यात सोलापूर, मी, माझी कचेरी आणि त्यांचं स्वतःचं घर, सगळंच आलं.

मी तेव्हा नव्यानं बदलून सोलापुरात आलो होतो आणि शुक्रवार पेठेत खोली शोधत होतो. मालकांनी मला ओट्यावर उभं करून विचारलं, "काम काय करता?"

"मोजणीदार आहे. भूमापन खात्यात."

"म्हणजे नकाशे काढता?" त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"हो."

"कशाचे?"

"शेतांचे."

चहा म्हणून गरम पाणी मिळालेल्या पाहुण्यासारखा त्यांचा चेहरा झाला. मग म्हणाले, "असू द्या. नकाशा तर नकाशा." आणि माडीवरची खोली मला मिळाली. पुढं मला कळलं की माझ्या आधी एक बँकेतला आणि एक डॉक्टर त्यांनी परत पाठवला होता. मात्र माझ्या कामाबद्दल त्यांचं मत कधीच बदललं नाही. "मोजणीदार, तुमचा नकाशा आला की सख्खे भाऊ बांधावरनं भांडतात. माझा नकाशा आला की माणसं वाचतात." मला याचा राग यायचा. आदल्याच दिवशी दोन भाऊ माझ्या मोजणीच्या साखळीच्या दोन टोकांना धरून भांडलेले असायचे, त्यामुळे उत्तरही देता यायचं नाही.

मालक मूळचे कुर्डुवाडीचे. वडील रेल्वेच्या कारखान्यात फिटर. मुलानं फार तर गार्ड व्हावं, हिरवं निशाण दाखवावं, एवढी घरच्यांची उडी. हा पठ्ठ्या थेट जहाजावर गेला आणि आयुष्यभर सेकंड मेट राहिला. सेकंड मेट म्हणजे जहाजाची वाट आखणारा, चार्ट सांभाळणारा अधिकारी. गल्ली त्यांना कप्तान म्हणायची, आणि प्रत्येक वेळी ते थांबून सांगायचे, "कप्तान नाही. सेकंड मेट." वरची परीक्षा पास होऊनही त्यांनी बढती घेतली नव्हती. का, तर वर गेलं की चार्ट दुसऱ्याच्या ताब्यात जातात. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तसला प्रकार. कप्तानाचा पगार सोडून हा माणूस जांभळ्या शाईच्या दौतीला धरून बसला.

ही जांभळी शाई म्हणजे त्यांचा धर्म होता. समुद्र दिसतो तसा राहत नाही. कुठं गाळ साचतो, कुठं जहाज बुडून नवा अडथळा होतो, कुठं बोया सरकते. बोया म्हणजे वाट दाखवायला पाण्यावर तरंगत ठेवलेलं पिंप. असं काही बदललं की दर आठवड्याला नोटिसा निघतात, आणि चार्ट बाळगणाऱ्यानं बारीक टाकानं, जांभळ्या शाईनं तो बदल चार्टावर चढवायचा. जुनी नोंद खोडायची ती रबरानं नाही. तिच्यावर नुसती रेघ मारायची, खाली काय होतं ते वाचता आलं पाहिजे. निवृत्त होऊन सोलापुरात बसलेला हा माणूस दर आठवड्याला सायबर कॅफेतून नोटिसा छापून आणायचा आणि दुपारभर टेबलावर वाकून दूरच्या कुठल्या कुठल्या बंदरांतल्या बोया सरकवायचा. कोणतं जहाज त्यांच्या भरवशावर निघणार होतं, हे विचारायची सोय नव्हती. मी एकदा विचारलं. "दुरुस्ती न केलेला चार्ट घरात ठेवू नये," मालक म्हणाले, जसं काही फुटक्या आरशाबद्दल बोलत होते.

चार्ट गुंडाळायचे नाहीत, सपाट ठेवायचे, असाही नियम. एवढे मोठे कागद सपाट ठेवायला जागा कुठली? म्हणून ते सगळे काकूंच्या पलंगावर, गादीखाली. काकू म्हणजे मालकीणबाई. माहेर माळशिरसकडं, कोरडवाहू जमीन आणि मेंढरं. ठेंगणी, ठाम बाई. कुणी विचारलं की सांगायच्या, "मी बाई दर्यावर झोपते. पर दर्या कसा असतोय त्ये काय बगितलं न्हाय."

ही गंमत नव्हती. काकूंनी खरोखरच समुद्र पाहिला नव्हता. नवरा नऊ-नऊ महिने समुद्रावर, आणि त्या इथं. सासू-सासरे, दोन बाळंतपणं, मुलांच्या शाळा, एक दुष्काळ, सगळं एकटीनं काढलं. दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या. गल्लीतल्या बचत गटाच्या बायका कोकणात जाऊन पायावर लाटा घेऊन आल्या, फोटो दाखवून गेल्या. त्यांनी काकूंनाही बोलावलं होतं, पण काकू गेल्या नाहीत. "बगीन तर ह्यांच्यासंगं. दर्या दावायचा त्यो ह्यांनीच दावायचा." एवढी एकच मागणी त्या बाईनं जन्मात केली होती, आणि मालक ती पुरी करत नव्हते.

नाही म्हणत नव्हते, हीच तर खोड. दर दिवाळीनंतर काकू विषय काढायच्या आणि मालक कोकणातल्या त्यांच्या आवडत्या बंदराचा चार्ट गादीखालून ओढून काढायचे. त्यावर बोट ठेवून म्हणायचे, "ही आवृत्ती जुनी झाली. ह्या तोंडाशी गाळ आलाय. नवी आवृत्ती निघाली की जाऊ."

"अवो, आपन यष्टीनं जानार, जहाजानं न्हाय."

"समुद्राकडं तोंड करून नुसतं उभं राहायचं म्हटलं तरी समोर काय आहे ते ठाऊक पाहिजे."

"समोर पानी हाय की."

"किती?"

काकू हात जोडून आत जायच्या. मालक गादी नीट करून चार्ट परत सारायचे.

त्यांची दुसरी खोड म्हणजे आमची गल्ली. सोलापूर नकाशावर नाही हे त्यांनी मान्य केलं होतं, पण घरापर्यंत सुखरूप पोचणं हा बंदरात शिरण्याचाच प्रकार आहे असं म्हणून त्यांनी 'शुक्रवार पेठ: पूर्वेकडून प्रवेश' असा एक चार्ट स्वतः काढला होता. गटाराच्या फरशा कुठं डुगडुगतात, केबलच्या तारा किती खाली लोंबतात, कुत्री कोणत्या पायरीवर झोपतात, सगळं त्यात. रस्त्यातले खड्डे म्हणजे खडक. पाण्याची टाकी आणि देवळाचं शिखर ह्या ठळक खुणा. तिसरी ठळक खूण म्हणजे कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर दिवसभर बसणारे, गिरणीतून निवृत्त झालेले एक अगडबंब आजोबा. आजोबांना याचा कोण अभिमान. लग्नाकार्याला गावाला जायचं असलं तर ते आधी मालकांना येऊन सांगायचे, "दोन दिस खूण न्हाय बरं का माजी." मालक लगेच जांभळ्या शाईनं त्यांच्यावर रेघ मारायचे. आजोबा परतले की पुन्हा नव्यानं काढायचे, आणि आजोबा वाकून बघून म्हणायचे, "पोट जरा जास्त दावलंय."

गल्लीच्या नोटिसा मालक त्यांच्या दारातल्या फळ्यावर खडूनं लिहायचे. 'शिंप्यासमोर नवा खड्डा. डावीकडून जावे.' 'आज मांडव. टाकी दिसणार नाही.' इथंच एक घोटाळा होता, आणि त्याचा फटका मला बसला.

माझं लग्न ठरत होतं. मुलीचे वडील आणि चुलते अक्कलकोटहून मला आणि माझं बिऱ्हाड बघायला येणार होते. पत्ता मी सांगणार होतो, पण मालकांनी मला बाजूला सारलं आणि चार्टाची झेरॉक्स त्यांना आधीच पाठवून दिली. वर सूचना: 'कोपऱ्यावर वळल्यावर टाकी आणि शिखर पाठीमागे एका रेषेत धरावे. ती रेष न सोडता आल्यास थेट दारात.' जहाजं बंदरात अशीच शिरतात म्हणे, दोन खुणा एका रेषेत धरून. अडचण एवढीच की खुणा पाठीमागं होत्या आणि माझे भावी सासरे जहाज नव्हते. सज्जन माणूस. सूचना वाचली, पाठ फिरवली, आणि भर सकाळी शुक्रवार पेठेत उलटे चालत निघाले. चुलते त्यांच्या कोपराला धरून "इकडं, इकडं" करत होते. त्या दिवशी कोपऱ्यावर मांडव घातला होता आणि टाकी निम्म्या वाटेत दिसेनाशी झाली. मांडवाची नोटीस फळ्यावर होती. फळा आमच्या दारात होता. म्हणजे जो सुखरूप पोचला त्याला कळणार की कसं यायचं नाही.

ते दोघं शिरले शेजारच्या घरात. तिथं बारसं होतं. आले म्हणून त्यांना बसवलं, पेढे दिले, उपमा दिला. सासऱ्यांना वाटलं, काय थाटाचं स्वागत आहे. पोटभर खाऊन झाल्यावर ते म्हणाले, "मुलगा दाखवा की आता." कुणीतरी पाळण्यातलं बाळ उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं. सासऱ्यांनी बाळाकडं बघितलं, चुलत्यांकडं बघितलं आणि कानडीत काहीतरी पुटपुटले. आमच्याकडं पोचले तेव्हा त्यांच्या धोतराचा एक सोगा ओला होता. मालक दारातच उभे. सगळं ऐकून घेऊन त्यांनी फळ्याकडं बोट केलं आणि शांतपणे म्हणाले, "नोटीस लावली होती."

लग्न मोडलं म्हणून मी धरूनच चाललो होतो. पण घरी जाऊन सासऱ्यांनी सांगितलेली हकीकत ऐकून मुलगी इतकी हसली म्हणे, की तिनंच होकार कळवला. आता ती माझी बायको आहे आणि ही गोष्ट ती माझ्यापेक्षा चांगली सांगते.

लग्नाआधी मालकांनी मला माडीवर येऊन एक उपदेश केला होता. "चार्टावर पाण्याची खोली लिहितात ना, ती ओहोटीतल्या ओहोटीची लिहितात. भरतीचं पाणी धरायचंच नाही. कमीत कमी जेवढं असेल तेवढ्यावर जहाज चालतंय का बघायचं. बायकोकडून ओहोटीचंच पाणी धरून चाला, कधी तळाला लागणार नाही."

खालून, स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "आनि नवऱ्याकडनं? तितं तर चिकलच धरावा लागतोय."

मालकांनी आवाज खाली केला, पण उपदेश पुरा केला.

मग एक दिवस तो फोन आला. मुंबईतला चार्ट विकणारा दुकानदार, मालक दर दिवाळीला ज्याच्याकडं त्या कोकणातल्या बंदराच्या नव्या आवृत्तीची चौकशी करायचे तो. मालकांनी सवयीप्रमाणे फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. दुकानदार म्हणाला, "साहेब, त्या बंदराचा कागदी चार्ट बंद झाला. जुना रद्द, नवा निघणार नाही. हल्ली सगळे पडद्यावरच बघतात. तुमच्याशिवाय तो मागणारं कुणी नाही."

मालकांनी फोन ठेवला आणि ओट्यावर येऊन बसले. जेवले नाहीत. गल्लीत बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? कुणीतरी गेलं एवढंच पसरलं. संध्याकाळी कट्ट्यावरचे आजोबा स्वच्छ टोपी घालून आले, शेजारी टेकले आणि हळूच म्हणाले, "कोन गेलं?"

"चार्ट," मालक म्हणाले.

आजोबांनी मान हलवली. "वय काय हुतं?"

मी तोंड फिरवून माडीवर पळालो. हसू आवरेना. पण काकू हसल्या नव्हत्या. त्या दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या, आणि आजोबा उठून गेल्यावर त्यांनी सरळ मुद्द्याला हात घातला.

"म्हंजे आता नवा येनार न्हाय."

"न्हाय."

"त्येच्या नोटिसा बी येनार न्हाईत."

"न्हाईत."

"मग आता वाट कशाची बगायची?"

मालक म्हणाले, "रद्द झालेला चार्ट वापरणं गुन्हा आहे."

काकू आत गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मालक सायबर कॅफेत गेले असताना त्यांनी मला आणि माझ्या बायकोला हाक मारली. पलंगाची गादी उचलायला लावली आणि सगळेच्या सगळे चार्ट काढून मालकांच्या लोखंडी खाटेवर ठेवायला सांगितले. थप्पी चांगली वीतभर झाली. ती घसरू नये म्हणून वर मालकांची उशी ठेवली. मालक आले. खाटेकडं बघून उभेच राहिले.

"आजपासनं दर्यावर तुमी झोपा," काकू म्हणाल्या. "मी दमले."

एवढंच. आवाज चढवला नाही, भांड्यांची आदळआपट नाही. मालक माझ्यामागोमाग गच्चीवर आले. मी वाळत घातलेले कपडे काढत होतो. त्यांनी एक चिमटा हातात घेतला आणि तो उघडझाप करत उभे राहिले. मला वाटलं, आता थप्पी कुणी उचलली म्हणून माझी हजेरी घेणार.

"मोजणीदार," ते म्हणाले, "तिनं समुद्र बघितला आणि म्हणाली 'एवढंच व्हय', तर?"

मला आधी कळलंच नाही.

"आई गेली तेव्हा मी नव्हतो. थोरलीच्या वेळी नव्हतो, धाकटीच्या वेळी नव्हतो. कुठं होतो, तर त्यात. आता तिला नेऊन उभं केलं, आणि ती म्हणाली, ह्येच्यासाठी गेलावता? एवढ्याशासाठी? मग मी काय करू? जांभळ्या शाईनं रेघ मारू?"

इतकी वर्षं गाळ, आवृत्ती, बोया, सगळं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. त्या माणसाला खोटं बोलता येत नव्हतं. पण गाळाच्या मागं ही भीती दडली होती. "काकू तसं म्हणणार नाहीत," असं म्हणालो. ते मलाच पोकळ वाटलं. काकू काय म्हणतील हे आजवर कुणाला आधी सांगता आलं होतं?

तरी आम्ही चौघं त्या कोकणातल्या बंदराला गेलो. चार्टांची थप्पी त्यांच्या पाठीला रुतली असेल किंवा काकूंचं गप्प राहणं रुतलं असेल. भाड्यानं गाडी केली. चालवायला माझी बायको, कारण घाटात मला चक्कर येते. काकूंनी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी इतकी बांधली की जणू तिकडं जेवण मिळतच नाही. मालक पुढं बसले, मांडीवर तो रद्द झालेला चार्ट. अर्धा दिवस त्यांनी तोंड उघडलं नाही, कारण चार्टावर अजून काही सुरूच झालं नव्हतं. घाट उतरून बरंच पुढं आल्यावर डावीकडं एक बोडका डोंगर दिसला आणि ते ताठ बसले. "हा आहे," म्हणाले आणि चार्टावर बोट ठेवलं. "आता आपण आत आलो." त्यानंतर माझ्या बायकोला वळणं सांगायला जी सुरुवात केली, की तिनं दोनदा गाडी बाजूला घेऊन विचारलं, "मालक, तुम्ही चालवता का?"

बंदराजवळ पोचलो, पण समोर नाही. मालकांनी गाडी एका चहाच्या टपरीपाशी थांबवायला लावली, जिथून मासळी सुकवायच्या छपरांखेरीज काही दिसत नव्हतं. बायकोनं गाडी जोरात आणली होती, त्यामुळे आम्ही त्यांच्या हिशेबापेक्षा लवकर आलो होतो. त्यांनी खिशातून भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढलं, बघितलं आणि घाम पुसला.

"अजून वेळ आहे. चहा घेऊ."

चहा झाला. दुसरा झाला. काकूंनी हवा हुंगली. "ह्यो वास कशाचा?"

"बंदराचा."

"मग बंदर जवळच हाय की."

"आहे. पण अजून तयार न्हाय."

मला तेव्हा उमगलं. ज्या माणसानं मला ओहोटीचं पाणी धरून चालायला शिकवलं तो भरतीसाठी थांबला होता. मुलगी दाखवताना घरचे म्हणतात ना, आत तयार होतेय, येईलच आता, तसं चाललं होतं त्यांचं. मला हसू आलं नाही. मीही तिसरा चहा मागवला, थांबायला तेवढीच मदत म्हणून.

काकू हात धुऊन येते म्हणून उठल्या त्या आल्याच नाहीत. मालकांच्या लक्षात आलं तेव्हा ते चार्ट तसाच हातात धरून पळत सुटले. त्या वयाच्या माणसानं पळू नये असं पळाले. आम्ही मागोमाग. छपरं ओलांडली आणि धक्का दिसला. समुद्राची अवस्था बघवत नव्हती. ओहोटी पुरी लागलेली. धक्क्याच्या दोन्ही बाजूंना काळा चिखल, त्यात कलंडलेल्या होड्या, प्लास्टिकच्या बाटल्या, कावळे. पाणी म्हणावं ते लांब, खाडीच्या तोंडाशी, आणि त्याच्यापुढं जिकडं बघावं तिकडं नुसता करडा पसारा. धक्क्याच्या टोकाला काकू एकट्याच उभ्या होत्या, पदर डोक्यावर धरून.

"अगं थांब," मालक लांबूनच म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "ही खरी वेळ न्हवं. अजून पाणी यायचंय. हे असं नसतं."

काकूंनी वळून बघितलं नाही. आम्ही जवळ गेलो. मालक त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले, परीक्षेचा निकाल बघायला आलेल्या पोरासारखे. मी मनात म्हणत होतो, काकू, काहीही म्हणा, फक्त ते एक म्हणू नका.

"ह्येच्यात वाट कुटं हाय?" काकूंनी विचारलं.

"वाट नसते."

"मग खुना?"

"काठाला असतात. आत गेलं की न्हाईत."

"रातच्याला थांबत असाल."

"न्हाय. रातीला बी चालायचंच."

"आनि वारं सुटलं, पाऊस आला म्हंजे?"

"चालायचंच की."

काकू पुन्हा तिकडं बघत राहिल्या. मेंढरं किती लांब गेलीत ते बघायला कपाळावर हात धरतात, तसा त्यांनी हात धरला होता. मग हळूहळू बोलल्या, नवऱ्याकडं न बघता.

"मी आपली दर खेपेला जाताना तुमची पाठ बगायची. गेलं सोडून, एवडंच म्हनायची. पाठ लई बगितली तुमची. पर ह्येच्यातनं तुमी माघारी येत हुतासा, दर खेपेला, आपल्या घरला. त्ये मातर माज्या कदी मनात आलं न्हाय."

मालकांनी हातातला चार्ट खाली केला. बायकोनं माझी बाही ओढली, पण मी हललो नाही.

"पानी कवा येनार म्हनला?" काकूंनी विचारलं.

"येईल. वेळ हाय अजून."

"मग बसा की हितं," काकू म्हणाल्या आणि धक्क्याच्या दगडावर त्यांच्यासाठी जागा करून बसल्या. "आलोयच तर भरलेला बगून जाऊ."